माळावरच्या चंडोलांची मोजणी

हाताचा पंजा वर करून "थांबा बाई, मोजतोय" म्हणणारा माणूस तुमच्याही आळीत एखादा असेल. धारवाडला आमच्या शेजारचे अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण मोजणं सुटलं नाही. एका मुंजीत पंगतीची पानं मोजताना त्यांनी भटजींनाही गप्प बसवलं होतं. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या चिडायच्या, "साकु हो, पुरे आता! लोक हसतात."

"किती जण?" अण्णा विचारायचे.

त्यांची खरी मोजणी चंडोलांची. नवलगुंदच्या रस्त्याला कोरडा माळ होता. दर चैत्रात ते तिथं ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या जागी थांबत चालायचे. चंडोल उंच जाऊन गातो, डोळ्यांना सापडत नाही. म्हणून कानानं मोजायचा. बारा वर्षांची वही झाली होती आणि आकडा दरसाल उतरत होता.

"संपत चाललाय पक्षी, बाई. माळ कापसाला देऊ नका म्हणून कलेक्टरसाहेबांना वही दाखवणार."

साहेबांसाठी वहीची नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवते, अक्षर बरं आहे. पण स्वतः न पाहिलेलं मी लिहीत नाही. म्हणून त्या चैत्रात अक्का आणि मी बरोबर गेलो.

विहिरीपाशी अण्णांनी पंजा वर केला. आमच्या डोक्यावर तीन चंडोल गात होते. अण्णांनी वहीत शून्य लिहिलं.

"बघितलंत? एकसुद्धा नाही."

अक्का खाली बघू लागल्या. मी शाळेतल्या पोरींच्या आईबापांनाही खरं ते तोंडावर सांगणारी बाई. मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, तीन गातायत. तुम्हाला ऐकू येत नाही."

ते रागावले नाहीत. पेन्सिल खिशात ठेवून एवढंच म्हणाले, "कधीपासून?"

ते अक्कांनाही सांगता येईना.

पुढं महिनाभर ते ओट्यावर वही आणि तांबडी शाई घेऊन बसत. जिथून आकडे खोटे, तिथं आडवी रेघ मारायची आणि त्याआधीचं तेवढं पाठवायचं, असा बेत. एका पानावर रूळ ठेवायचे, उचलायचे, मागच्या पानावर ठेवायचे. वही साहेबांकडे गेलीच नाही. पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन अण्णा गेले.

अक्कांनी वही मला दिली. एकाही पानावर रेघ नाही.

निम्म्या माळावर आता कापूस आहे. यंदा मी त्या वाटेनं जाऊन आले. अकरा चंडोल ऐकले. अकरा म्हणजे थोडे की पुष्कळ, हे कुणाला विचारू?