नवशिक्याचा काटा

आखातातल्या हमद टाउनच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणारा तो रत्नागिरीकडचा इलेक्ट्रिशियन मोबाइलवर घरी काडतुसं भरायची यंत्रं बघत असे. गावी रानडुकरं हाकायला वडिलांची परवान्याची बंदूक होती. निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि परत आणायला वडीलच उरले नाहीत.

“नवशिक्यानं आधी यंत्र घेऊ नये, भाऊ. बारीक वजनकाटा घ्यावा,” तो हवेतच चिमूट धरून सांगायचा. “बंदुकीची दारू जरा जास्त झाली की खलास!”

एक दिवस त्यानं खरंच काटा घेतला.

“आता यंत्र कधी?” मी विचारलं.

“बंदूक कुठाय?” तो हसला. “चहापूड मोजतो. इतकी वर्षं झाली, एकट्यापुरता चहा जमतच नाही. वडिलांचा धरून दोन कप होतोच.”