मॅटवालं मंडळ

सेलूत तेव्हा पोरींना कबड्डी शिकवणारी मंडळं दोनच होती. एक मातीवालं आणि एक मॅटवालं. पाटीवरची नावं चांगली भारदस्त होती, पण ती कुणी घेत नसे.

मातीवाल्या मंडळाचं मैदान बसस्टँडच्या मागं होतं. पीटीचे एक रिटायर गुरुजी दुपारी तिथं पाणी मारायचे, ढेकळं फोडायचे, चुन्यानं रेषा आखायचे आणि मग आमच्यासारख्या पोरींवर ओरडायचे. मॅटवाल्या मंडळाचा गावाबाहेर पत्र्याचा मोठा हॉल होता. आत निळंपिवळं मॅट, वर झगझगीत दिवे, आणि इस्त्रीचा ट्रॅकसूट घातलेले तरुण सर. बुटाशिवाय आत पाय टाकायचा नाही. पण जिल्ह्याच्या संघात ज्या पोरी जायच्या त्या बहुतेक याच हॉलमधून. पुढचे सामने मॅटवर व्हायचे, त्यामुळं निवड करणारी माणसं मातीकडं फिरकायची नाहीत.

आम्ही दोघी होतो. वालूरच्या अलीकडं फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं अशा एका लहान गावातल्या. शाळेत असल्यापासून एकत्र खेळायचो. मी डाव्या कोपऱ्यात, ती माझ्या शेजारी. समोरची चढाईला आली की आम्ही एकमेकींचा हात धरून उभ्या राहायचो. त्याला साखळी म्हणतात. दोघींनी एकाच वेळी झेप घ्यावी लागते, एकीनं जरी उशीर केला तरी समोरची निसटते. आमची साखळी सहसा निसटू द्यायची नाही. तरी आता सांगायला काय हरकत आहे, खरी खेळाडू ती होती. चढाईला गेली की लाथ कधी मारली ते समोरच्यांना बसल्यावर कळायचं. मी आपली मर मर मेहनत करणारी.

अकरावीला सेलूच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा मंडळ निवडायची वेळ आली. आम्हा दोघींचं आधीच ठरलं होतं, मॅटवालं. घरात मात्र आठवडाभर काथ्याकूट चालला. माझे वडील आणि तिचे वडील ओट्यावर बसून बोलायचे आणि आम्ही आतून ऐकायचो. सर तरुण हायेत, लग्न झालंय का त्यांचं? चड्डी गुडघ्याच्या वर असते का खाली? हॉलला दार किती, खिडक्या किती? माती बरी की मॅट बरं, लागलं तर दवाखान्यात कोण नेतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्हाला बूट दिसत होते.

अडचण गाडीची निघाली. मातीवाल्यांची प्रॅक्टिस लवकर संपायची. मॅटवाल्यांची संपेपर्यंत सगळ्या गाड्या निघून जायच्या आणि मुक्कामी गाडी तेवढी उरायची, सेलूहून निघून रात्री वालूरलाच थांबणारी. ती आम्हाला फाट्यावर सोडायची तेव्हा अंधार पडलेला असायचा आणि फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही बाजूला ऊस. शेवटी तिच्या वडिलांनी निकाल दिला. "दोघी सोबत जायच्या, सोबत यायच्या. एकटी न्हाई. एक थांबली की दुसरी बी थांबली, आधीच सांगायलोय."

आम्हाला काय, आम्ही नाचलो. एकमेकींशिवाय कुठं जायचोच नाही, तेव्हा ही काय अट झाली का, असं वाटलं.

दुसऱ्याच वर्षी माझा गुडघा गेला. परभणीत सामना होता. आमची साखळी बसली, पकडही झाली, पण माझा बूट मॅटला चिकटून राहिला आणि अंग पुढं गेलं. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. सरांनी फवारा मारला, पट्टी बांधली आणि म्हणाले, "ऊठ, चाल, काही झालं नाही." मी उठले, चालले आणि पडले. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल. माझी माय म्हणाली, "लग्नाच्या पोरीच्या गुडघ्याला चिरा कशाला पाडायचा? बसंल हळूहळू." तेल लावलं, हळद लावली, मेडिकलमधून पट्टा आणला. मंडळातून एकदा सर येऊन गेले, पिशवीत केळी आणि सफरचंदं घेऊन. सफरचंदं गोड होती, एवढंच त्या मंडळाबद्दल चांगलं बोलता येईल.

सपाट रस्त्यावर मी जपून चालले तर कुणाला कळायचं नाही. पायरी उतरताना, नाहीतर पटकन वळताना गुडघा दगा द्यायचा. खेळ संपला. आणि मी थांबले म्हणजे अटीप्रमाणं तीही थांबली.

मग सर पुन्हा आले. या वेळी पहिल्यांदा तिच्या घरी गेले आणि तिथून माझ्याकडं. ती जिल्ह्याच्या संघात येणार हे त्यांना दिसत होतं. मला म्हणाले, "तू फक्त सोबत येत जा. बसून राहा बाजूला." त्यांनी माझ्या गुडघ्याकडं पाहिलं नाही. ती त्यांच्या मागं दारात उभी होती आणि खाली बघत होती. तिनं एकदा जरी "ये" म्हटलं असतं तर मला तिचा राग आला असता. तिनं म्हटलं नाही, म्हणून मी गेले.

दुपारी कॉलेज सुटलं की बाकीच्या पोरी गाडी पकडून गावाकडं जायच्या आणि मी पट्टा बांधून हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. डाव्या कोपऱ्यात आता सेलूचीच एक पोरगी उभी राहायची, तिचा हात धरून. त्या पोरीची झेप नेहमी उशिरा यायची. मी बसल्या जागी दात खायचे. काही दिवस तर मला त्या पोरीचा, सरांचा, मॅटचा, सगळ्यांचा इतका राग यायचा की मी भिंतीकडं तोंड करून बसायचे. मग मुक्कामी गाडी, मग फाटा. उसातल्या रस्त्यानं ती माझ्या दुखऱ्या बाजूनं चालायची आणि खड्डा आला की न बोलता दंड धरायची. एकदा म्हणाली, "तुला लय तरास व्हायलाय ना?" मी म्हटलं, "तू निवडून ये, मग बघू तरासाचं." तिच्या वडिलांना मी रोज त्यांच्या ओट्यावरून दिसायचे, तिला पोचवून परत निघालेली, लंगडत. "आलात का?" एवढंच ते विचारायचे.

निवड चाचणी जवळ आली आणि नेमकं त्याच वेळी मला स्थळ आलं. मुलगा पालमकडचा, स्वतःचं दुकान. मायनं मला बजावून ठेवलं, "पट्टा काढ. हळू चाल. गुडघ्याचं अक्षर तोंडातून काढू नको. लग्न झाल्यावर कोण इचारतंय?" मुलाकडच्यांना घाई होती, जमलं तर लगेच बार उडवायचा होता. म्हणजे मी पालमला आणि ती घरात. चाचणीच्या दिवशी मुक्कामी गाडीला तिच्यासोबत कोण असणार, हा विचार आमच्या घरात कुणाच्या डोक्याला शिवला नाही. ती मात्र पाहुणे यायच्या आदल्या दिवशी गाडीत सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसली, आणि ही बाई गाडीत कधी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोह्यांचा ट्रे घेऊन मी आतून आले तेव्हा जपून चालले नाही. जशी चालते तशीच चालले, उलट थोडी जास्तच. मुलाच्या आत्यानं लगेच हेरलं. "पायाला काय झालंय गं?"

"कबड्डीत गुडघा गेला. आतलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन राहिलंय."

पोहे त्यांनी सगळे खाल्ले. चहाही घेतला. मग कळवतो म्हणाले आणि गेले. माय रडली, वडील माझ्याशी बोलेनासे झाले. मला वाईट वाटलं नाही. खोटं बोलले नव्हते, आणि ती चाचणीला जाणार होती. गाडीत तिला हे सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि कंडक्टर म्हणाला, "काय झालं गं पोरींनो, पेपर अवघड गेला का?"

त्यानंतर वालूरचा बाजार भरला. बाजारात अशा गोष्टी भाजीच्या आधी विकल्या जातात. फलाण्याची पोरगी लंगडी, कबड्डीनं वाया गेली, पाहुणे उठून गेले. संध्याकाळी तिचे वडील आमच्या ओट्यावर आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते.

"पोरी, तुझं झालं ते लय वाईट झालं," ते म्हणाले. "माझ्या लेकीचं व्हायच्या आत मी थांबवायलोय. उद्यापासून न्हाई."

"काका, चार दिवसांवर चाचणी हाय. तेवढी होऊ द्या. मी हाय ना सोबत."

"तू हायेस म्हणूनच म्हणायलोय," ते म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

हे मला आजही पचत नाही. माझा गुडघा त्यांनी रोज पाहिला होता. त्यांच्याच दारात मी रोज लंगडत यायचे आणि लंगडत जायचे. तेव्हा त्यांना भीती वाटली नाही. तुटलेल्या लिगामेंटाला ते भ्याले नाहीत, मोडलेल्या सोयरिकीला भ्याले. मी चुकले असं मला वाटत नाही, पुन्हा ट्रे हातात दिला तर पुन्हा तशीच चालेन. पण तिचा खेळ माझ्या त्या चालण्यानं संपला हेही तितकंच खरं आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

चाचणीच्या दिवशी मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. ती आली नाही. गाडी आली, कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "आज एकटीच?" मी मान हलवली आणि गाडी गेली. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा वाईट नाही. मागच्या दिवाळीला आली होती, कडेवर पोरगं. मी हात पुढं केला तर तिनं मनगटापासून धरला, साखळीत धरायची तसा, आणि आम्ही दोघी तिच्या सासूच्या आजारपणाबद्दल बोललो.

मी आता वालूरला मेडिकलच्या दुकानात बसते. माझं लग्न जमलं नाही, आता त्याचा विषयही कुणी काढत नाही. परवा शेजारची वहिनी तिच्या पोरीला घेऊन आली. पोरगी आठवीत आहे, पोटऱ्या बघूनच कळतं की चढाई करत असणार.

"ताई, तुमी खेळलेल्या हाव," वहिनी म्हणाली. "हिला सेलूला घालायची म्हणायलोय. मातीवालं बरं का मॅटवालं?"

पोरगी माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मला तिला बुटांबद्दल सांगायचं होतं, फवाऱ्याबद्दल सांगायचं होतं, लागलं तर पोरीला दवाखान्यात कोण नेतं हे आधी विचारा म्हणायचं होतं. ते सगळं मागं ठेवून मी विचारलं, "हिच्यासोबत कोण जाणार?"

"मैत्रीण हाय की हिची, वरच्या आळीची."

"हिच्याहून मोठी का लहान?"

"मोठी हाय. दोन वर्सांनी."

"मग मंडळ कोणतंबी चालंल, वहिनी," मी म्हटलं. "आधी हिच्याहून लहान पोरगी बघा सोबतीला. मोठीला पाहुणे आधी येतात."

वहिनी हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.