काण्या बुरुजाची दुरुस्ती

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं जे वजन सोडतात, तो ओळंबा. हा गवंडी निवृत्त झाला तरी ते वजन खिशात बाळगून हिंडायचा आणि कुणाकडे गेला की बसायच्या आधी भिंतींकडे बघायचा. शेजारणीने एकदा चहाला बोलावलं, तर कप हातात घेत म्हणाला, “पोट सुटलंय की.” शेजारणीच्या नवऱ्याने घाईघाईने शर्ट खाली ओढला. गवंडीबुवा बोलत होते भिंतीबद्दल.

निवृत्ती त्याने घेतली नव्हती, खांद्याने घ्यायला लावली होती. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. बायको कापडाच्या दुकानात कामाला जायची आणि हा दिवसभर घरात. त्याने आधी चपला ओळीत लावल्या, मग डबे उंचीप्रमाणे लावले. “एक दिवस मलाही भिंतीला टेकवून बघतील, सरळ आहे की नाही,” असं बायको दुकानात सांगायची.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात होती. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी ती जगं तयार करायची, आणि त्यातही तिचा हातखंडा होता पडक्या वास्तू बांधण्यात. हे काही ओळंब्याच्या गळी उतरत नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून तो म्हणायचा, मी जन्मभर उभं केलं आणि ही पडलेलंच बांधते, वर त्याचा पगारही देतात म्हणे! मुलीच्या तोंडावर मात्र तो काहीच बोलायचा नाही. तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतो, हा त्याचा सिद्धांत होता. त्याच्या हाताखालचे कामगार त्यामुळे अजिबात बिघडले नाहीत, फक्त एकेक करून दुसऱ्या मिस्त्रीकडे निघून गेले. मुलगी लहानपणी काड्यापेट्यांचं घर करून दाखवायला आली, तेव्हा त्याने शेजारी ओळंबा सोडला होता.

तर या मुलीचं खेळातलं पहिलं स्वतःचं जंगल तयार झालं. येत्या रविवारी ते सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. लोक त्यात रमले तर पुढचं जंगलही तिला मिळणार, नाही रमले तर पुन्हा दुसऱ्यांच्या जंगलात गवत लावत बसायचं. सुट्टीला आली तेव्हा तिने घरच्या कॉम्प्युटरवर ते सुरू करून दिलं. “बाबा, आधी तुम्ही फिरून बघा,” म्हणाली. वडिलांना वाटलंच तर एखादी झोपडी बांधता यावी, म्हणून तिने त्यांना बांधकामाची मुभाही देऊन ठेवली. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

जंगल मायावी होतं. झाडं वारा नसताना गुणगुणायची, अळंब्या दिव्यांसारख्या उजळायच्या आणि वाटेवर एक कोल्हा पत्ता सांगायचा, तोही हमखास चुकीचा. ओळंब्याला मुलीने दाढीवाल्या बुटक्याचं रूप दिलं होतं. पहिला दिवस त्या बुटक्याने एकाच झाडाला धडका देण्यात घालवला. मग हात बसला. वेलींच्या मागे त्याला काणा बुरूज सापडला, एका बाजूला भलंमोठं भगदाड असलेला. पुढे नदीवर मधोमध तुटलेला पूल, आणि टेकडीवर एक जिना, जो चढून गेलं की वर नुसतं आभाळ.

बुरुजाखाली पडलेला एक दगड त्याने सहज उचलून बघितला. दगड उचलला गेला. बोटाच्या एका टिचकीसरशी धोंडा हवेत, आणि खांद्यातून साधी कळसुद्धा नाही. ओळंब्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं म्हणजे त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो?

त्याने भगदाड बुजवलं. सांधे भरले, त्यांवर दर्जांच्या सरळ रेघा ओढल्या, बुरुजाचा माथा सपाट केला. पूल जोडला, आणि जोडताना त्यात मधेच दिसणारे काळे दगड भेसळ म्हणून उपटून नदीत टाकले. कुठेच न पोहोचणारा जिना ही तर गवंडी जातीला लाज, म्हणून त्यावर एक नेटकी खोली चढवली. कोल्ह्यालाही ढकलत वाटेच्या बरोबर मधोमध आणून उभा केला. बायकोने दुकानातून येऊन मागून डोकावत विचारलं, “अहो, तिला विचारलंत का?” त्यावर तो म्हणाला, गळकं छप्पर दिसल्यावर माणूस विचारत बसतो का?

शनिवारी दुपारी मुलगी तिकडे आपल्या शहरातून शेवटची फेरी मारायला जंगलात शिरली. कानाला बोलायचं-ऐकायचं यंत्र लावून ओळंबा बुरुजापाशी तयारच होता. जन्मात कुणाचं कौतुक न केलेला माणूस कौतुकाची वाट बघत उभा होता.

“बाबा, बुरूज कुठाय?”

“अगं, तुझ्या पुढ्यातच आहे. ओळखू येत नाही ना?”

ती बुरुजाभोवती एक फेरी मारून आली. मग ती हळूच म्हणाली, “उद्या लोक अवशेष बघायला येणार आहेत.”

ओळंब्याच्या तोंडचं पाणी पळालं. जुनी प्रत साठवलेली होती, पण ती अर्ध्या कामाची; शेवटचा सगळा हात तिने नंतर फिरवला होता. ती म्हणाली, राहू द्या, बघते मी. त्याने ऐकलं नाही आणि घण घालून बुरूज फोडायला घेतला. थोड्या वेळाने बायकोने पडद्यावर बघितलं. भगदाड चौकोनी होतं, चारही कोपरे काटकोनात. “हे पडलंय की शिंप्याकडून कापून आणलंय?” तिने विचारलं.

ओळंबा हात मांडीवर ठेवून बसला. आपल्याला हे येत नाही, असं त्याने आजवर कुणापुढे कबूल केलं नव्हतं. शेवटी घसा खाकरून त्याने मुलीला विचारलं, हा बुरूज मुळात पडला कसा?

तिने सांगितलं. बुरुजातली माणसं गाव सोडून निघाली, पण म्हाताऱ्यांना नदी ओलांडता येईना. मग त्यांनी बुरुजाचेही चांगले दगड काढून पूल बांधला. म्हातारे पार झाले. पुढे पूरही आला, पूलही गेला. जिना होता एका आईच्या माडीचा, तिथून ती पलीकडे गेलेल्यांची वाट बघायची.

“म्हणजे पुलातले ते काळे दगड बुरुजाचे होते? मुद्दाम लावलेले?”

“हो.”

“मी फेकले ते.”

“न कळलेलं तुम्ही नेहमीच फेकता, बाबा.”

हे त्याच्या वर्मी लागलं. नदीत उतरून त्याने काळा दगड न् दगड वर काढला. मग ती सांगेल तसं, एखाद्या नव्या बिगाऱ्यासारखं काम केलं. दगड तिरका ठेवा, ती म्हणायची. अजून तिरका. ओळंब्याला घाम फुटायचा, पण तो ठेवायचा. संध्याकाळपर्यंत पूल मधोमध तुटला, जिन्यावरची खोली उतरली, बुरूज पुन्हा काणा झाला आणि बायकोने तो पास केला.

रविवारी जंगल उघडलं. नाना रूपांची माणसं आली, चिलखतवाले, पंखवाले, एक तर चक्क बेडकाच्या तोंडाचा. कोल्ह्याला पत्ता विचारून निम्मे लोक चिखलात गेले आणि खूश झाले. ओळंबा बुरुजाच्या सावलीत गप्प उभा होता. तेवढ्यात तो बेडूकतोंड्या तिथे आला. भगदाड बघून त्याने च्च्च् केलं आणि खाली पडलेला एक दगड उचलून आत बसवायला लागला. सुटे दगड कुणालाही हलवता येत होते.

ओळंब्याच्या अंगाचा तिळपापड झाला. “ओ बेडूकराव, हात लावू नका.”

“अहो काका, भरून टाकतो. कुणीतरी काम अर्धवट टाकून गेलंय.”

“अर्धवट नाहीये ते. जन्मभर भिंती बांधल्या मी, असा बुरूज मला जमला नसता. माझ्या मुलीने बांधलाय. ठेवा तो दगड खाली.”

बेडकाने दगड निमूट खाली ठेवला. आजूबाजूचे चिलखतवाले वळून बघायला लागले. पंखवाले झाडांवरून उतरले. मग ओळंब्याच्या कानात मुलीचा आवाज आला, जरा ओलसर.

“बाबा, तुमचा माइक अख्ख्या जंगलाला ऐकू जातोय.”

ओळंबा कानापर्यंत लाल झाला. पण तो क्षणभरच.

“मग बरं झालं,” तो म्हणाला. “एकेकाला सांगत कोण बसणार?”