वहिनीचे डोहाळे

माझी वहिनी फक्त जेवणाच्या बाबतीत खोटं बोलायची. पण त्यात तिचा हात धरणारं अख्ख्या खामगावात कोणी नव्हतं.

वऱ्हाड-मध्यप्रांताच्या काळातली गोष्ट. आमचं घर जिनवाल्यांचं, कापसातली सरकी काढायचा कारखाना असलेलं; वहिनी बेताच्या परिस्थितीतल्या शेतकऱ्याची मुलगी. तिला दिवस गेले आणि आईनं बदामाचा शिरा, डिंकाचे लाडू, वाटीभर तूप असा मारा सुरू केला. वहिनीला ते पाहूनच मळमळे. तिला हवी असे ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. आई म्हणे, "जिनवाल्याची सून भाकर खाऊन राह्यली हे बाजारात समजलं, त लोक म्हणतीन यायचं दिवाळं निघालं!"

मागच्या अंगणात डाळ निवडायला गिरजा यायची. तीही पोटुशी. भाकर आणि अंबाडी, एवढीच तिची शिदोरी. दोघींनी गुपचूप अदलाबदल सुरू केली. मी, लग्नाच्या वयाची नणंद, दाराशी पहाऱ्याला.

हळूहळू गिरजाच्या गालांवर तेज चढलं. वहिनी ठणठणीत होती, पण जिनवाल्याच्या सुनेला शोभेल इतकी गुबगुबीत दिसेना. आईनं गिरजाला धरलं. "काय खातं वं तू?"

गिरजा घाबरली. "भाकर, बाई. अन् अंबाडीची भाजी."

दुसऱ्या दिवशी शिरा बंद. चांदीच्या ताटात भाकर आणि अंबाडी आली. वहिनीला हवं ते समोर होतं. तिनं अंगणात मान खाली घालून बसलेल्या गिरजाकडे पाहिलं आणि ताट आईकडे सरकवलं. "आत्याबाई, मले भाकरीचा वासच सहन होत नाही. लाडूच पाहिजे."

"तवा त भाकर मागत होती!"

"तवा बाळ वेगळं बोलून राह्यलं होतं."

लाडू पुन्हा सुरू झाले, अदलाबदलही. पुढे दोघी सुखरूप बाळंत झाल्या.

मला दिवस गेले तेव्हा मी वडनेरला सासरी होते. तिथं सून शेवटी जेवे, भांड्याच्या तळाशी उरेल ते. वहिनी भेटायला आली, तिनं दोन दिवस ते पाहिलं आणि माझ्या सासूला अगदी गंभीरपणे सांगितलं, "आमच्याकडे पोटुशीले आधी वाढतात. नाही त तिच्या नवऱ्याले उचकी लागते. मंग थांबतच नाही."

सासूनं एकदा आपल्या लेकाकडे पाहिलं आणि माझं ताट वाढलं.

वहिनीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वडनेरच्या कितीतरी घरांत अजून गर्भारणीला पहिलं ताट मिळतं. नव्या सुनेनं कारण विचारलं, तर म्हाताऱ्या बाया आवाज खाली आणून नवऱ्याच्या उचकीबद्दल सांगतात.