झेंडूची पाकळी

पंचवटीतल्या एका शाळेत गेली बावीस वर्षं मी प्रयोगशाळा सांभाळतो. परीक्षानळ्या धुतो, स्पिरिटचे दिवे भरतो आणि शिक्षकांचं ऐकून घेतो. ऐकून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. शुभांगीला मात्र ते कधीच जमलं नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलो.

शुभांगी मखमलाबादची. मळ्यात झेंडू आणि शेवंती, सकाळी फुलबाजारात विक्री. वय अडतीस. नववीनंतर लग्न झालं, ते थेट परवा बाहेरून दहावीला बसली. सगळे विषय सुटले, विज्ञान तेवढं राहिलं.

"आधी फॉर्मवर नववी पास लिहायची," ती मला म्हणाली. "आता दहावी नापास लिहावं लागतं. तो शब्द मला नको."

त्या एका शब्दासाठी ती पुन्हा बसली. दर शनिवारी दुपारी बाहेरून बसणाऱ्यांचा वर्ग आमच्याकडे भरायचा. एरवी ती बाजारात माळा ओवता ओवता पाठ करायची. फुलांच्या क्रेटच्या आत तिने मार्करने सूत्रं लिहून ठेवली होती. फुलं खपतील तशी सूत्रं दिसू लागायची. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि ही ओहमचा नियम पुटपुटत असायची.

लेखी पेपरची तिला धास्ती होती. सगळी भिस्त प्रात्यक्षिकाच्या गुणांवर, आणि प्रात्यक्षिक घेणार आमचे आहेर सर. सर माणूस वाईट नाही, पण 'माझं चुकलं' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी ते वर्गात म्हणाले, "फुलाचे भाग दाखवायला झेंडू घेऊ. स्वस्त आणि भरपूर. आपली झेंडूवाली आणेल."

"सर, झेंडू नका घेऊ, जास्वंद घ्या," शुभांगी म्हणाली. "झेंडू म्हंजे एक फूल नाय. तो फुलांचा गुच्छ हाय."

वर्ग हसला. सरही हसले. "मग या पाकळ्या कुणाच्या?"

"ती एकेक पाकळी म्हंजेच एकेक फूल. उपटून बघा, प्रत्येकीच्या बुडाला बी लागती. आम्ही घरचं बियाणं धरतो, तवा एका झेंडूत शंभरेक बिया निघत्यात. नुसत्या पाकळीला कुठं बी लागती का?"

सरांचे कान लाल झाले. "शेती तुमची, विज्ञान माझं. परीक्षेत 'पाकळ्या असंख्य' असंच लिहायचं. नाही लिहिलं तर गुण मागायला येऊ नका."

मी तिला फाटकाशी गाठलं. "लिहून टाक की बाई. तो शब्द पुसायचाय ना तुला?"

"नाथाभाऊ, ज्याच्यावर माझं घर चालतं, त्याच्याबद्दल खोटं लिहून पास होऊ? मग तो पास कशाचा?"

मला तिचा राग आला. खरं सांगतो, आयुष्यभर मान डोलावलेल्या माणसाला असा राग येतोच.

परीक्षेच्या दिवशी सरांनी सांगितल्याप्रमाणे तिने पाटीभर झेंडू आणले. सरांच्या जोडीला, गुण द्यायला, दुसऱ्या शाळेतून परीक्षक बाई आल्या होत्या. साऱ्यांनी 'पाकळ्या असंख्य' लिहिलं. शुभांगीने झेंडू सोडवला, पाकळ्या कागदावर ओळीने मांडल्या आणि खाली लिहिलं, 'हे एक फूल नाही.'

बाई तिच्या टेबलापाशी थांबल्या. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

सर मागेच उभे होते. मी हातातलं बीकर गच्च धरलं.

"सासूबाईंनी," शुभांगी म्हणाली. पदराची गाठ सोडून तिने वाळलेला झेंडू काढला आणि मोडला. प्रत्येक सुकल्या पाकळीखाली एक काळी बी होती. बाईंनी त्यातली एक भिंगाखाली धरली, बराच वेळ पाहिली, आणि गुण लिहून पुढे गेल्या.

"गेली ही," सर माझ्या कानाशी म्हणाले. मलाही तसंच वाटलं, आणि वाईट वाटलं.

निकाल लागला तेव्हा विज्ञानात तिला एक्केचाळीस होते. ती पेढ्यांचा पुडा सरांच्या टेबलावर ठेवून गेली. त्यांनी तो उघडला नाही, म्हणून पेढे मी खाल्ले.

यंदा फेब्रुवारीत सर मला म्हणाले, "तिला फोन कर. प्रात्यक्षिकाला फुलं हवीत."

"झेंडू?"

"जास्वंद," ते कपाटाकडे बघत म्हणाले.

मी फोन लावला. "आणते की," शुभांगी म्हणाली. "पण सरांना म्हणावं, फोन त्यांनी करायचा. आन झेंडूवाली म्हणायचं नाय."

निरोप मी जसाच्या तसा दिला. नोकरीत पहिल्यांदाच एकही शब्द गाळला नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिशातून मोबाइल काढून नंबर लावला.

"शुभांगीताई," ते म्हणाले, "आहेर बोलतोय."