न लागलेली कुस्ती
तेल-हळद मुरलेल्या लाल मातीचा वास आला की मला निमोण्यातला जत्रेचा तो दिवस आठवतो. थोरल्या भावानं शेवटची कुस्ती मारली होती आणि पारावर वाद पेटला होता, की ऐन उमेदीतले आबा, म्हणजे आमचे वडील, आणि आजचा हा, यांची जोड लावली तर कोण जिंकेल. "आबांनी ह्याला कवाच आस्मान दावलं असतं," एक म्हातारा म्हणाला. भाऊ अजून मातीनं माखलेला होता. "तवाचं कशाला काढता? आज उतरा म्हणावं," तो म्हणाला. आबांनी पटका काढून माझ्या हातात दिला, लंगडत पुढं गेले आणि त्याचं मनगट धरलं. हलगी थांबली. दोघांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण पाय कुणाचेच हलले नाहीत. शेवटी आबांनीच हात सोडला. "आता न्हाई व्हत," म्हणाले. पोरांनी भावाला खांद्यावर घेतलं. आबांच्या तेराव्याला भाऊ माझ्याजवळ बसून मनगट चोळत म्हणाला, "तवाचे आबा ऱ्हाऊ दे. त्या दिवशी माझीच बोटं बधिर झाली व्हती. त्यांनी सोडलं नसतं तर समद्यांम्होरं गुडघ्यावर आलो असतो." पारावर अजूनही तो वाद निघतो, आणि निघाला की भाऊ उठून घरी येतो.