येतो म्हणून गेले

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी एकाच गल्लीत लोकांच्या पँटी शिवल्या आणि बायको गेल्यावर सहा महिन्यांत मशीन विकून टाकलं. घर खायला उठतं, म्हणून लेकीने त्यांना तीन महिन्यांसाठी परदेशी आपल्याकडे नेलं. गेले खरे, पण तिथेही जीव रमेना. लेक-जावई आठाच्या ठोक्याला कामावर, नात शाळेत. चौदाव्या मजल्यावर मास्तर आणि फ्रिज दोघेच उरायचे, आणि त्यातला फ्रिज निदान अधूनमधून घुरघुरायचा तरी.

शहर म्हणजे भाषांचा नुसता बाजार. लिफ्टमधल्या सूचना चार लिप्यांत, आणि मास्तरांना चारही सारख्याच अगम्य. त्या लिफ्टमध्ये चार माणसं चार भाषांत फोनवर तावातावाने बोलायची आणि बोलता बोलता एकमेकांच्या मजल्याचं बटण दाबून द्यायची. मास्तरांना याचं फार नवल वाटे. त्यांच्या गल्लीत सगळ्यांची भाषा एकच होती, तरी एका भिंतीआड राहणारे दोन सख्खे भाऊ बारा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

इमारतीखाली दुकानांची रांग होती आणि शेवटचा गाळा एका म्हाताऱ्या शिंप्याचा. नवं काही शिवायचं नाही, फक्त दुरुस्ती. पहिल्याच आठवड्यात मास्तर त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हातारा सुई डोळ्यांजवळ धरून बसला होता, दोरा काही जाईना. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा मास्तरांना राहवेना. त्यांनी सरळ त्याच्या हातातून सुई घेतली आणि ओवून परत दिली. म्हाताऱ्याने वर पाहिलं. मग मास्तरांचा उजवा हात ओढून अंगठ्यावरचा कात्रीचा घट्टा चाचपला, आणि स्वतःचा अंगठा पुढे केला. ओळख पटली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांची बैठक तिथेच. त्यांनी म्हाताऱ्याचं नाव ठेवलं 'व्याही'. का, तर समोरासमोर बसायचं, मान द्यायचा, हसून मान डोलवायची आणि दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नाही! काज-बटणं आणि हाताची तुरपाई मास्तरांकडे, मशीन व्याह्यांकडे. गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. कुणाचा पायघोळ झगा, कुणाचा बिनकॉलरचा कोट, कुणाचा हॉटेलातला गणवेश. मास्तर संध्याकाळी लेकीला सांगायचे, "अगं, कपडे सगळ्यांचे वेगळे, पण फाटायच्या जागा त्याच. काख, गुडघा नाहीतर खिशाचा कोपरा." बायको गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच एवढे बोलत होते. लेकीला बरं वाटायचं.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी नातीला पकडलं. तिथल्या बाजारभाषेतले वीस-बावीस शब्द तिनेच त्यांना शिकवले होते.

"व्याह्यांचा निरोप घ्यायचाय. येतो कसं म्हणतात गं?"

"येतो की जातो, आजोबा? उद्या तर तुम्ही जाताय."

"जातो म्हणतात का कधी, वेडे! येतोच म्हणायचं."

नातीने सांगितलं तसं मास्तरांनी घोकलं आणि खाली जाऊन व्याह्यांचा हात हातात धरून स्वच्छ उच्चारात म्हटलं. व्याह्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तोच शब्द दोनदा म्हणून दाखवला. शब्द बरोबर लागला, म्हणून मास्तर खूश.

घरी परतल्यावर दोन महिन्यांतच जिना चढताना छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासलं आणि विमानाचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलं. यंदाही नाही, पुढेही नाही. मास्तरांनी लेकीला फोनवर सांगितलं, ॲसिडिटी. एवढ्या लांब तिच्या जिवाला घोर कशाला? "परत कधी येताय?" असं तिने विचारलं की ठरलेलं उत्तर, "बघू, उन्हाळा सरला की येतो."

मग एका रविवारी दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला, व्याह्यांच्या दुकानातून.

"बाबा, यांना आता जवळजवळ दिसत नाही. काल मशीनची सुई बोटातून आरपार गेली. त्यांची मुलगी दुसऱ्या गावाहून न्यायला आलीये, पण हे हलायला तयार नाहीत. म्हणतात, माझा जोडीदार येणार आहे, दुकान बंद दिसलं तर तो परत जाईल. तुम्ही काय सांगून आलात यांना?"

"काय सांगणार? येतो म्हटलं."

"बाबा! इथे येतो म्हणजे येतोच!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. सगळा जन्म मापं घेण्यात गेला आणि एका शब्दाचं माप चुकलं.

"एवढंच सांगा की यंदा जमत नाही. मग ऐकतील," असं म्हणून लेकीने फोन व्याह्यांच्या डोळ्यांजवळ धरला. बोटाला जाडजूड पट्टी, चष्मा नाकावर घसरलेला. मास्तरांना ओळखून ते हसले.

"येणे नाही," मास्तर त्या बाजारभाषेत म्हणाले.

व्याह्यांनी एक बोट वर केलं. पुढच्या वर्षी?

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग हा माणूस वर्षभर त्या मशीनपुढे बसणार, आणि उरलेली बोटंही सुईखाली देणार. मास्तरांनी मान हलवली. नाही. व्याह्यांनी दोन बोटं दाखवली. नाही. तिसरं बोट वर आलं, तेव्हा मास्तरांनी तळहात आपल्या छातीवर ठेवला आणि हळूहळू मान हलवत राहिले.

व्याह्यांना कळलं. त्यांनी बोटं मिटली, चष्मा काढला, स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटले आणि चाचपडत मशीनचा दिवा बंद केला. त्यांची मुलगी पुढे येऊन त्यांना धरून उठवायला लागली.

मास्तरांना हायसं वाटलं आणि रडूही आलं.

"काय गं म्हणाले ते?" त्यांनी विचारलं.

फोन तिच्या हातात खाली झुकला होता. पडद्यावर फरशी दिसत होती आणि फरशीवर दोऱ्यांचे तुकडे.

"बाबा, छातीला हात का लावलात?"

"अगं, ती ॲसिडिटी…"

"उन्हाळा सरला की येतो म्हणाला होतात मला."

मास्तरांनी छातीवरचा हात हळूच खाली घेतला.

"मला तर मराठी येतं ना, बाबा," ती म्हणाली. "तरी मीसुद्धा वाटच बघत होते."